खाऱ्या पाण्यातील फ्लोट आणि बूच : वाचकांची प्रश्नोत्तरे

गळाने मासे पकडण्याच्या साहित्याविषयी मागील अंकात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रांत फ्लोटविषयीच, म्हणजे गळाच्या दोरीला अडकवायच्या तरंगत्या तुकड्याविषयीच, विचारणा आहे. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहे. आरंभी एक खुलासा करतो. बहुतेक पत्रलेखकांनी फ्लोट म्हणजे मासा लागल्याची खूण देणारे साधन असे गृहीत धरले आहे. ती खूण मिळते हे खरेच. परंतु समुद्रात फ्लोटचे पहिले काम आमिष ठरावीक खोलीवर धरून ठेवणे आणि ते प्रवाहाबरोबर वाहून नेणे हे आहे. पुढील बरीचशी उत्तरे या एका मुद्द्यावर आधारलेली आहेत.

प्रश्न : तळ्यात मी बारीक काडीचा फ्लोट वापरतो. केवळ टोक वर राहील इतके शिसे मी घरी बादलीत तपासून लावले होते. तोच फ्लोट समुद्रात टाकला तेव्हा काडी चांगली दोन बोटे जास्त वर राहिली आणि वाऱ्याबरोबर डोलू लागली. असे का व्हावे?

उत्तर : आपल्या बादलीत गोडे पाणी होते, हेच त्याचे कारण आहे. एक लिटर गोड्या पाण्याचे वजन सुमारे १ किलो असते, तर तेवढ्याच समुद्राच्या पाण्याचे सुमारे १ किलो २५ ग्रॅम. अडीच टक्क्यांचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. आपला फ्लोट १० घन सेंटिमीटर आकारमानाचा आहे असे धरले, तर गोड्या पाण्यात तो १० ग्रॅम भार तोलतो आणि समुद्रात सव्वादहा ग्रॅम. हा जादा पाव ग्रॅम शिशाने भरून काढला नाही, तर फ्लोट पाण्याबाहेर येऊन तो भरून काढतो. आणि काडी ३ मिलिमीटर जाडीची असेल तर त्यासाठी तिचा जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर भाग वर यावा लागतो. आपण सांगितलेली दोन बोटे ती हीच. पाव ग्रॅमची एक गोळी वाढवली की काम होते. मात्र तपासणी किनाऱ्यावरच्या पाण्यात करावी. खाडीच्या मुखाशी नदीचे पाणी जोरात येत असेल, तर याच्या उलट अनुभव येतो आणि बरोबर जुळवलेला फ्लोट हळूहळू बुडू लागतो. त्या वेळी मासा लागला म्हणून झटका देण्याची घाई करू नये.

तरीही मोकळ्या समुद्रावर असा नाजूक फ्लोट मी सुचवणार नाही. बंदिस्त धक्क्याच्या आतले शांत पाणी आणि बोयसारखा चाखतमाखत खाणारा मासा, एवढ्यापुरता तो ठीक आहे. जेथे लाटा आहेत तेथे जाड अंगाचा आणि पुरेसे शिसे मागणारा फ्लोट हवा. येथे बहुतेक नवशिक्यांची चूक अशी होते की, ते फ्लोट मोठा घेतात आणि शिसे मात्र जेमतेम लावतात. एक हिशेब करून पाहू. २२ मिलिमीटर व्यासाचे आणि ४४ मिलिमीटर लांबीचे साधे बाटलीचे बूच घेतले, तर त्याचे आकारमान सुमारे १६.७ घन सेंटिमीटर भरते आणि वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास असते. पूर्ण बुडाल्यावर ते समुद्रात १७ ग्रॅमहून थोडे अधिक पाणी बाजूला सारते. म्हणजे स्वतःचे वजन वजा जाता सुमारे साडेतेरा ग्रॅम भार ते पेलू शकते. शिसे न लावता असे बूच सोडले, तर ते बुडवायला माशाला जवळजवळ तेवढ्याच ताकदीने ओढावे लागेल. सावध मासा तेवढे ओढत बसत नाही, आमिष सोडून निघून जातो. याउलट १० ग्रॅमचे शिसे लावले, तर पाण्यात त्याचे वजन सुमारे ९ ग्रॅमच भरते आणि बुचाचा पाऊण भाग पाण्याखाली जातो. मग माशापुढे उरतो तो केवळ साडेचार ग्रॅमच्या आसपासचा विरोध. शिवाय खाली भार असल्यामुळे बूच उभे राहते, लाटेवर चेंडूसारखे उडत नाही आणि आमिषालाही धक्के बसत नाहीत. फ्लोटवर वजन छापलेले असते तेव्हा तो फ्लोट किती भार तोलतो हे त्यावरून कळते. तेवढे किंवा त्याहून किंचित कमी शिसे लावावे, अशी ती सूचनाच असते.

प्रश्न : खोली कशी ठरवावी? मी सकाळी एक खोली लावली की दिवसभर तीच ठेवतो. पहिल्या तासात मासे मिळतात आणि पुढे काहीच मिळत नाही. सरकता फ्लोट घ्यावा असे मित्र सुचवतात.

उत्तर : आपण खोली बदलली नाही, पण समुद्राने ती बदलली. भरती-ओहोटीचा वेग सहा तास सारखा नसतो. दिवसातून दोनदा भरती येते अशा किनाऱ्यांसाठी एक जुना अंदाज वापरला जातो : एकूण चढाचे बारा भाग केले, तर सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक अशा भागांनी चढते. समजा, ओहोटी आणि भरती यांत २ मीटर ४० सेंटिमीटरचा फरक आहे. मग पहिल्या तासात पाणी २० सेंटिमीटर चढेल, दुसऱ्या तासात ४० आणि तिसऱ्या तासात ६०. पूर्ण ओहोटीला आपण आमिष तळापासून वीतभर वर ठेवले असेल, तर तिसऱ्या तासाच्या अखेरीस ते तळापासून सुमारे दीड मीटर वर लोंबत असते. तळाशी चरणारा मासा जेथल्या तेथे चरत असतो; आमिष मात्र त्याच्या डोक्यावरून कितीतरी उंच निघून गेलेले असते. ओहोटी लागल्यावर उलट घडते : आमिष तळाला टेकते, मग शिसे टेकते आणि गळ खडकात अडकतो. म्हणून पाणी जोरात चढत किंवा उतरत असताना दर वीस मिनिटांनी तरी खोली बदलावी. उधाणाच्या दिवसांत याची गरज अधिक असते, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक लहान असतो तेव्हा, कमी.

सुरुवातीची खोली मोजण्याची सोपी रीत अशी आहे. गळाला फ्लोट बुडवील एवढे जड शिसे अडकवावे आणि अंदाजाने खोली लावून टाकावे. फ्लोट पाण्याखाली गेला तर लावलेली खोली कमी आहे. तो आडवा पडून राहिला तर जास्त आहे. केवळ टोक दिसेल अशा बेताने तो उभा राहिला की शिसे तळाला नेमके टेकले असे समजावे. तेथून आमिष हवे तेवढे वर घ्यावे.

आता सरकत्या फ्लोटविषयी. दोरीवर पक्का बसवलेला फ्लोट साधा, स्वस्त आणि गुंता न करणारा असतो. परंतु फ्लोट ते गळ हे अंतर काठीच्या लांबीपेक्षा अधिक झाले की तो फेकताच येत नाही. तीन मीटरच्या काठीने फार तर अडीच मीटर खोली गाठता येते. त्यापुढे सरकता फ्लोटच लागतो. तो दोरीवर मोकळा फिरतो आणि वरच्या बाजूला बांधलेल्या एका छोट्या गाठीपाशी येऊन थांबतो. ही गाठ रीळावर गुंडाळली जाते आणि काठीच्या कड्यांतून आरपार जाते, त्यामुळे सात मीटर खोलीसुद्धा सहज साधता येते. रीळाकडून गळाकडे येताना क्रम असा ठेवावा : गाठ, बारीक छिद्राचा मणी, फ्लोट, पुन्हा एक मणी, शिसे, स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), त्यानंतर हातभर लीडर (गळ बांधायचा दोरीचा वेगळा तुकडा) आणि शेवटी गळ. पहिला मणी विसरला, तर गाठ फ्लोटच्या नळीतून आरपार निघून जाते. दुसरा मणी विसरला, तर शिसे प्रत्येक फेकीला फ्लोटच्या बुडावर आपटून ते फोडते.

गाठीत बहुतेकांचा हात चुकतो, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. साधारण वीस सेंटिमीटर लांबीचा मऊ दोऱ्याचा वेगळा तुकडा घ्यावा. तो मुख्य दोरीला समांतर धरून एका टोकाचा फास करावा आणि तेच टोक मुख्य दोरी व फासाची एक बाजू या दोन्हींभोवती चार-पाच वेळा फासातून फिरवावे. मग गाठ थुंकीने ओली करावी आणि दोन्ही टोके एकदम ओढून ती आवळावी. कोरडी आवळली तर दोरी घासून कमजोर होते. आवळल्यावर नखाने ढकलून पाहावे : गाठ अडखळत सरकली पाहिजे, आपोआप घसरता कामा नये. उरलेली टोके अगदी मुळाशी कापू नयेत. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर राहू द्यावीत. मऊ लांब टोके कड्यांतून जाताना वाकतात, तर आखूड ताठ टोके प्रत्येक कड्याला अडतात आणि फेक अर्ध्यावर मरते.

यात आणखी एक बारकावा आहे. फ्लोट पाण्यावर पडताच रीळ बंद केले, तर गाठ फ्लोटपर्यंत पोहोचतच नाही आणि आमिष वरच अडकते. फेकल्यानंतर रीळ उघडेच ठेवावे आणि शिशाला दोरी ओढत खाली जाऊ द्यावे. तोपर्यंत फ्लोट पाण्यावर आडवा लोळत असतो. गाठ येऊन टेकली की तो लगेच उभा राहतो. तो उभा राहिला की मगच रीळ बंद करावे. बराच वेळ वाट पाहूनही तो उभा राहिला नाही, तर शिसे तळाला टेकले आहे किंवा दोरी कोठेतरी अडली आहे.

प्रश्न : लाटेने फ्लोट बुडाला की माशाने बुडवला, हे ओळखावे कसे? आणि फ्लोट बुडाल्यावर मी लगेच झटका देतो, तरी दहातून आठ वेळा गळ रिकामा येतो.

उत्तर : गळ हातात धरला त्या पहिल्या वर्षी मी धक्क्यावर बसून एक अख्खी संध्याकाळ लाटांना झटके देत होतो. शेजारी बसलेल्या वयस्कर गृहस्थांनी बराच वेळ पाहून अतिशय सभ्यपणे विचारले, “आमिष वाळवायला वर काढता का?” तेव्हापासून फ्लोट बुडतो कसा, यापेक्षा तो वर येतो कसा, याकडे मी लक्ष देऊ लागलो. लाटेचा माथा पुढे सरकला की मोकळा फ्लोट लगेच वर येतो आणि पुढच्या लाटेलाही तसेच करतो. त्यात एक लय असते. त्याच्या आसपासच्या फेसाकडे नजर ठेवली, तर फेस आणि फ्लोट बरोबरीने वरखाली होताना दिसतात. फेस वर आला आणि फ्लोट आला नाही, तर तेथे मासा आहे. फ्लोट प्रवाहाला आडवा किंवा उलट जाऊ लागला, तरीही मासाच आहे. एखादे वेळी उभा फ्लोट अचानक आडवा पडतो; अशा वेळी माशाने आमिष तोंडात धरून वर उचललेले असते आणि शिशाचा भार फ्लोटवरून गेलेला असतो. अर्थात शिसे तळाला टेकले तरी फ्लोट आडवाच पडतो; परंतु ते दर खेपेला त्याच जागी घडते, त्यावरून ते ओळखता येते.

झटका रिकामा जाण्याचे कारण बहुधा दोरीची ढील हे असते. फ्लोट आणि काठीचे टोक यांच्यात चार-पाच मीटर दोरी पाण्यावर सैल पडलेली असते आणि आपला झटका ती ढील काढण्यातच संपतो. आधी रीळ भराभर फिरवून दोरी ताठ करावी, माशाचा भार हाताला जाणवू द्यावा आणि नंतर काठी उचलावी. ज्याचे टोक आत वळलेले असते असा गोल गळ वापरत असाल, तर झटका देऊच नये. केवळ रीळ फिरवत राहावे, म्हणजे मासा दूर वळताना गळ त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. टोळ माशाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याची चोच लांब आणि कठीण असते, तो आमिष आडवे धरून पृष्ठभागावरून पळतो आणि फ्लोटही बुडण्याऐवजी त्याच्यामागे घसरत जातो. त्याला थोडे पळू द्यावे.

प्रश्न : आवाज करणारे बूच घेतले आहे. सतत आपटूनही मासे येत नाहीत. त्या आवाजाचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : होतो, परंतु सतत आपटून नव्हे. या बुचाचा वरचा भाग वाटीसारखा खोलगट असतो, मधून ताठ तार जाते आणि तारेवर वर-खाली मणी असतात. काठीचा आखूड हिसका दिला की वाटी पाणी कवळते आणि ‘डुबुक’ असा आवाज येतो. त्याबरोबर मणीही खुळखुळतात. पृष्ठभागावर भक्ष्य पकडताना मासे असाच आवाज करतात. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगाने, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि माशाला कानाखेरीज अंगाच्या दोन्ही बाजूंवरील पार्श्वरेषेनेही जवळची हालचाल कळते. त्यामुळे गढूळ पाण्यात, जेथे आमिष दिसत नाही तेथे, हा आवाज माशाला बोलावून आणतो. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखाताच्या उथळ खाड्यांत ही पद्धत फार प्रचलित आहे.

मात्र आवाज ऐकून आलेल्या माशाला खायला स्वस्थता लागते. प्रत्येक हिसक्याला खालचे आमिष वर उसळते आणि मग हळूहळू खाली उतरते. मासा बहुतेक वेळा ते उतरताना घेतो. आपण दर दोन सेकंदांनी आपटत असाल, तर आमिष उतरतच नाही. एक-दोन हिसके द्यावेत, दोरी किंचित सैल सोडावी आणि मनात पंधरा-वीस आकडे मोजावेत. लीडर ४५ ते ७५ सेंटिमीटर ठेवावा. पाणी दीड-दोन मीटरहून खोल असेल तर हे बूच बाजूला ठेवून सरकता फ्लोट लावावा. नितळ आणि स्तब्ध पाण्यातही ते वापरू नये. तेथे त्या आवाजाने मासे बुजतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : वारा असला की दोरीला मोठा झोळ पडतो आणि फ्लोट किनाऱ्याकडे ओढला जातो. यावर काही उपाय आहे का?

उत्तर : पूर्ण उपाय नाही, पण दोरी कशाची आहे यावर बरेच अवलंबून असते. नायलॉनचा तंगूस पाण्यापेक्षा जड असतो; त्याची घनता १.१४ च्या आसपास असल्यामुळे तो हळूहळू बुडतो. विणलेली पॉलिथिलीनची दोरी ०.९७ घनतेची, म्हणजे तरंगणारी असते. फ्लोरोकार्बन १.७८ घनतेचा आणि सरळ बुडणारा असतो. फ्लोटच्या मागची दोरी तरंगणारी हवी, म्हणजे वाऱ्याने पडलेला झोळ काठीच्या टोकाने हलकेच उचलून वाऱ्याच्या दिशेला परत टाकता येतो. बुडालेला झोळ उचलायला गेले की फ्लोटच ओढला जातो. म्हणून मुख्य दोरी विणलेली आणि फ्लोटखालचा लीडर फ्लोरोकार्बनचा किंवा नायलॉनचा, ही जोडी मी पसंत करतो. विणलेली दोरी गुळगुळीत असल्यामुळे तिच्यावर थांब-गाठ घसरते. तेथे पाचऐवजी सात वेढे द्यावेत. वारा समोरून असेल तर फ्लोटचा हट्ट सोडून तळाशी शिसे टाकून बसावे, हे उत्तम.

प्रश्न : फ्लोटचा रंग माशाला दिसतो का?

उत्तर : वरचा रंग आपल्यासाठी असतो. खालून पाहणाऱ्या माशाला पाण्याबाहेरचे जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या गोल खिडकीतून दिसते आणि तिच्यात फ्लोट ही उजेडासमोरची एक काळी सावली असते. बाहेरच्या बाजूने बोलायचे तर, नारिंगी किंवा लाल टोक साधारण उजेडात चांगले दिसते. पाणी चांदीसारखे चमकत असताना मात्र काळे टोक सर्वांत स्पष्ट दिसते, हे अनेकांना ठाऊक नसते. मी फ्लोटच्या टोकावर काळी आणि पिवळी अशी दोन टोपणे आलटून पालटून लावतो.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत खऱ्या बुचाचे जुने फ्लोट सापडले. काहींना चिरा आहेत. ते वापरावेत की फोमचे नवे घ्यावेत? आणि पूर्वी जाळ्यांना काचेचे फ्लोट का लावत?

उत्तर : जरूर वापरावेत. बूच म्हणजे कॉर्क ओक या झाडाची साल. हे झाड सुमारे पंचवीस वर्षांचे झाल्यावर साल पहिल्यांदा काढतात आणि नंतर साधारण दर नऊ वर्षांनी. झाड न तोडता ही साल पुन्हा वाढते. पोर्तुगाल तिच्या उत्पादनात आघाडीवर आहे. सालीच्या असंख्य बंद पेशींत हवा असते आणि पेशींच्या भिंती मेणासारख्या द्रव्याने भरलेल्या असतात, त्यामुळे बूच पाण्याच्या सुमारे एकपंचमांश वजनाचे असूनही सहजी भिजत नाही. ते मोडत नाही आणि खडकावर आपटले तर दबते, तडकत नाही. बाल्सा लाकूड त्याहूनही हलके असते, परंतु त्यावरचा रोगण एका जागी जरी उडाला तरी ते पाणी पिऊ लागते. पोकळ प्लॅस्टिकच्या फ्लोटला केसाएवढी चीर पडली, तर तो आतून भरतो. मासेमारीला निघण्यापूर्वी तो कानाशी धरून हलवावा, आत पाणी असेल तर ऐकू येते. फोम स्वस्त आणि हलका आहे, हे मान्य. पण त्याचे कण सुटतात आणि तसेच समुद्रात राहतात, म्हणून तो झिजू लागताच बदलावा.

आपल्या फ्लोटच्या चिरा कोरड्या ब्रशने साफ कराव्यात. दुसऱ्या एखाद्या बुचाचा किसलेला भुगा जलरोधक गोंदात कालवून त्यांत दाबून भरावा. एक दिवस वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासावे आणि रोगणाचे दोन पातळ हात द्यावेत. मधल्या छिद्राच्या दोन्ही कडांवर रोगण विशेष काळजीने लावावा, कारण दोरी तेथेच घासते आणि पाणीही तेथूनच शिरते.

काचेच्या गोळ्यांविषयी सांगायचे, तर त्यांचा वापर १८४० च्या दशकात नॉर्वेत सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जपानी मच्छीमारांनी त्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या. खोल पाण्याच्या दाबाखाली बूच आवळले जाते आणि दीर्घकाळ बुडून राहिले तर जड होते. काच मात्र तशीच राहते. जाळ्यांपासून सुटलेल्या त्या हिरवट गोळ्या आजही प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवर वाहून येतात. पुढे ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या फ्लोटनी त्यांची जागा घेतली.

प्रश्न : मोठ्या माशासाठी फ्लोट म्हणून फुगा बांधला तर?

उत्तर : बांधू नये. तो वाऱ्याने आमिष दूरवर नेतो हे खरे, परंतु मासा लागला की फुटतो किंवा सुटतो आणि त्याचा तुकडा समुद्रात राहतो. समुद्री कासवे आणि पक्षी असे तरंगते तुकडे गिळतात. मुठीएवढा फोमचा सरकता फ्लोट तेच काम करतो आणि परतही येतो.

प्रश्न : रात्री फ्लोट दिसावा यासाठी काय करावे?

उत्तर : टोकावर बसणारी, वाकवून पेटवायची बारीक प्रकाशकांडी पुरेशी असते. ती लावल्यावर वरचा भार वाढतो आणि फ्लोट कलू लागतो, म्हणून शिशाची जुळवणी कांडी लावूनच करावी. वापरलेली कांडी खिशात घालून परत आणावी.

प्रश्न : शिशाच्या चिरलेल्या गोळ्या दोरीवर घट्ट बसत नाहीत, म्हणून मी दाताने दाबतो. दोरी कमजोर होते का?

उत्तर : दोरीची चिंता नंतर. शिसे विषारी आहे. चिमटा वापरावा आणि शिसे हाताळल्यावर काही खाण्यापूर्वी हात धुवावेत.

प्रश्न : तळाशी शिसे टाकून बसलो की खेकडे दहा मिनिटांत आमिष संपवतात. तेथे बुचाचा काही उपयोग होईल का?

उत्तर : होईल, आणि ही युक्ती फार कमी लोक करतात. शिसे तळाशीच राहू द्यावे. गळापासून चार बोटांवर, लीडरवर बुचाचा किंवा फोमचा एक छोटा मणी ओवावा आणि तो सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना थांब-गाठी माराव्यात. आमिष तळापासून थोडे वर तरंगते आणि चालत येणाऱ्या खेकड्याच्या नांगीला ते सहजी सापडत नाही. मण्याचा आकार मात्र हिशेबाने निवडावा. १० मिलिमीटरचा गोल मणी जेमतेम अर्धा ग्रॅम उचलतो, आणि एक ग्रॅमच्या पोलादी गळाचे वजन पाण्यातही जवळजवळ नऊ दशांश ग्रॅम भरते. म्हणजे तो मणी गळासकट तळाशीच बसून राहतो. १५ मिलिमीटरचा मणी सुमारे दीड ग्रॅम उचलतो. सोललेल्या कोळंबीचा तुकडा पाण्यात जवळपास बिनवजनाचा असतो, तेव्हा तो दीड ग्रॅम पुरतो. समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीत गळ, मणी आणि आमिष एकत्र सोडून पाहावे. ते झटकन वर येऊन पृष्ठभागावर तरंगू लागले तर मणी मोठा आहे, तो चाकूने थोडा तासावा. सावकाश, जणू नाइलाजाने, वर येऊ लागले की तासणे थांबवावे.